बायकोच्या व्हिसावर आलोय, आता परत जाऊ का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, लग्नाला सात वर्षं झालीत, मूल नाही. बायकोला जर्मनीत, स्टुटगार्टला, सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली. ती ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर आली, हे काही महिन्यांनी फॅमिली व्हिसावर तिच्या मागोमाग आले, त्याला आता वर्ष होत आलं. भारतात विमा कंपनीत चांगली नोकरी होती, हाताखाली माणसं होती. इथे अर्ज करकरून कंटाळले, जर्मन मोडकंतोडकं येतं, घरातली सगळी पत्रं, फोन, अपॉइंटमेंट बायकोच बघते. मध्यंतरी एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली, दाराला अडकवलेल्या एका पाटीकडे बोट दाखवून भराभर काहीतरी बोलायला लागल्या. यांना काही कळेना, म्हणून यांनी ऑफिसात मीटिंगमध्ये असलेल्या बायकोला फोन लावला आणि फोन आजींच्या हातात दिला. संध्याकाळी बायको म्हणाली, "एवढं तरी तू बघू शकत नाहीस का?" त्यावरून जे भांडण झालं ते अजून धुमसतंय. यांचं म्हणणं असं की ती बदलली, ती इथे मस्त सेटल झाली, मी तिच्यासाठी सगळं सोडून आलो त्याची तिला काही किंमत नाही. आता जुन्या कंपनीने परत बोलावलंय. एकदोन वर्षं जाऊन नोकरी करावी असं मनात आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही. प्रश्न एकच: परत जाऊ का?

नमस्कार,

तुमचं पत्र चांगलं लांबलचक होतं आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती आधी सांगते. प्रश्न तुम्ही नोकरीचा विचारलाय पण नोकरीबद्दल पत्रात जेमतेम चार ओळी आहेत, बाकी सगळं पत्र त्या दुपारच्या बेलबद्दल आणि संध्याकाळच्या त्या एका वाक्याबद्दल आहे. म्हणून मीही तिथूनच सुरू करते, जायचं की नाही त्याच्याकडे नंतर येऊ.

ती पाटी केअरवोखेची असणार. स्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वेबियन भागात ही पद्धत आहे, बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, काही ठिकाणी बाहेरचा फुटपाथसुद्धा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लावायची. ही मंडळी हे फार मनावर घेतात. त्यात त्या वयाच्या आजी बहुतेक श्वेबियन बोलीत बोलल्या असतील आणि ती बोली जर्मनीतल्याच दुसऱ्या भागातल्या लोकांना धड कळत नाही, तेव्हा तुम्हाला कळली नाही यात तुमचा काडीचा दोष नाही. हे आधी मनातून काढून टाका.

आता तोच प्रसंग बायकोच्या बाजूने बघा. ती मीटिंगमध्ये बसलीये, परक्या देशात, परक्या माणसांत, तिला स्वतःला वर्ष-दीड वर्षच झालंय आणि फोन वाजतो. नवऱ्याचा भरदुपारी फोन म्हणजे पहिल्यांदा पोटात गोळाच येतो, काय झालं असेल. ती बाहेर येते आणि फोनवर एक अनोळखी आजी जिन्याच्या झाडलोटीबद्दल बोलत असतात. संध्याकाळी तिच्या तोंडून जे निघालं ते टोचणारं होतं, ते तिने तसं म्हणायला नको होतं, हे मी तिलाही सांगितलं असतं. पण तुम्ही ऐकलंत "तू कुचकामी आहेस", आणि तिला म्हणायचं होतं बहुतेक "मी दमलेय". ही दोन्ही वाक्यं त्या दिवशी कुणी उच्चारलीच नाहीत आणि भांडण मात्र त्याच दोन वाक्यांवर चाललंय.

तुम्ही लिहिलंय ती सेटल झाली. कशावरून? सकाळी लॅपटॉप घेऊन वेळेवर बाहेर पडते, ऑफिसातल्या लोकांची नावं घेऊन बोलते, हे दिसतंय तुम्हाला. पण ऑफिस बहुतेक इंग्रजीत चालत असेल, घरी येणारी पत्रं तिच्यासाठीही जर्मनच आहेत ना, ती पण ट्राममध्ये बसून मोबाईलवर फोटो काढून त्यांचं भाषांतर वाचत असणार. आणि एक गोष्ट जी बऱ्याच घरांत बोललीच जात नाही, ती म्हणजे तुमचा दोघांचा मुक्काम तिच्या नोकरीवर टांगलेला आहे. ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची तर आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसला, कळवावं लागतं आणि ते लोक तपासणी करून अडवूही शकतात. म्हणजे बॉस कसाही असला, काम कितीही असलं तरी ती पहिलं वर्ष गप्प बसून काढते, कारण तिची नोकरी गेली तर प्रश्न दोघांचा. हे ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसाला सेटल म्हणायचं का, तुम्हीच सांगा. तिला एकदा विचारा, तुला कशाची भीती वाटते म्हणून. मला खात्री आहे हा प्रश्न गेल्या वर्षभरात तिला कुणी विचारलेला नाही.

दुसरं वाक्य, "मी तिच्यासाठी सगळं सोडलं". पत्राच्या सुरुवातीला तुम्हीच लिहिलंय की "आम्ही खूप विचार करून ठरवलं", आणि शेवटी शेवटी ते "तिच्यासाठी" झालं. मधल्या काळात काय बदललं? निर्णय तोच आहे, फक्त त्याचा त्रास तुमच्या वाट्याला जास्त आला. तो आला हे खरंच आहे, मी ते कमी लेखत नाहीये. ज्या माणसाला रोज दहा जण येऊन विचारायचे "सर, हे कसं करू", त्या माणसाला आता दिवसभर कुणी काही विचारत नाही, हे सोपं नसतं. बायका पिढ्यानपिढ्या नवऱ्याच्या बदलीमागे आपली नोकरी, आपलं गाव सोडत आल्या आणि त्याला कुणी त्यागबिग म्हटलं नाही, पण निदान त्यांना "काय करतेस तिथे दिवसभर" असं चिडवून कुणी विचारलं नाही. तुम्हाला मात्र मित्र विचारतात, नातेवाईक विचारतात, तुमच्या पत्रात आईचंही वाक्य आहे तसलंच. पुरुषाला या जागी कसं वागायचं याचा नमुनाच समोर नाही, वडिलांनी कधी हे केलेलं नसतं, काकांनी नसतं. तेव्हा वाईट वाटून घ्यायची लाज बाळगू नका. फक्त त्या वाईट वाटण्याचं बिल बायकोच्या नावाने फाडू नका.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरातली खरी अडचण तिच्या पगारावर जगणं ही नाहीच. अडचण ही आहे की हा अख्खा देश तुमच्यापर्यंत फक्त तिच्यामार्फत पोचतोय. पत्र आलं, ती वाचणार. डॉक्टर हवा, ती फोन करणार. घरमालक, बँक, शेजारी, सगळं तिच्यावाटे. ओळखी म्हणाल तर तिच्या ऑफिसातल्यांच्या. एकाच माणसाला तुम्ही बायको, दुभाषी, क्लार्क आणि एकुलती एक मैत्रीण करून ठेवलंय आणि मग देशावरचा सगळा राग निघतो तोही तिच्यावरच, कारण दुसरं कुणी समोर नसतंच. आणि हे फक्त तुमचं नाही हं, डिपेंडंट म्हणून आलेल्या कितीतरी जणींच्या पत्रात हेच असतं, फक्त तिथे नवरा वैतागलेला असतो. सगळे म्हणतात नोकरी लागली की सगळं सुरळीत होईल. नोकरी लागेल तेव्हा लागेल. त्याच्या आधी इथले व्यवहार आपल्या हातात घ्या, ते आजपासून जमण्यासारखं आहे.

सुरुवात पोस्टाच्या पेटीपासून करा. आज खाली जाऊन बघा, पेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव आहे का? बायकोने माहेरचं नाव ठेवलं असेल आणि पेटीवर तेवढंच असेल तर तुमच्या नावाची पत्रं परत जाऊ शकतात, इथले पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाहीत, नाव बघतात. कितीतरी जणांची अर्जाची उत्तरं अशी हरवतात. घरमालकाला किंवा हाउसमाइस्टरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगून तुमचं नाव लावून घ्या आणि हे सांगायचं काम तुम्ही करा, तिने नाही.

मग ती पत्रं. हा देश अजून कागदावर चालतो. एक फाईल आणा, भरायची बिलं, उत्तर द्यायची पत्रं, नुसती जपून ठेवायची पत्रं असे भाग पाडा, आणि रोज पेटी उघडून पत्र वाचायचं काम तुमचं. मोबाईलवर भाषांतर करा, एका पत्राला तास लागला तरी लागू दे, तोच तुमचा जर्मनचा अभ्यास. पिवळा लिफाफा आला तर मात्र त्याच दिवशी उघडायचा, तो कोर्टाकडून किंवा सरकारी ऑफिसकडून येतो, पोस्टमन त्यावर पेटीत टाकल्याची तारीख हाताने लिहितो आणि तुम्ही उघडा न उघडा, मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. तो लिफाफाही फेकायचा नाही, पत्राबरोबर फाईलला लावायचा. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र दोघांच्या नावाने वेगवेगळं आलं असेल तर घाबरू नका, ती फी घरटी एकच असते, महिन्याला १८.३६ युरो, दुसऱ्या पत्राला पहिल्याचा नंबर कळवला की काम झालं. असलं एक पत्र स्वतः निकालात काढलंत ना की त्या दिवशी संध्याकाळी घरातली हवा वेगळी असते, करून बघा.

आणि केअरवोखे आता कायमची तुमची. पुढच्या पाळीच्या आधी तीन वाक्यं पाठ करा, नमस्कार, मी वरच्या मजल्यावरचा, मला जिना कसा करायचा ते दाखवाल का, आणि त्या आजींच्या दारावर जा. इथले म्हातारे लोक तोंडावर कडक असतात पण विचारायला गेलेल्या माणसाला सहसा हाकलत नाहीत, बहुतेक त्या तुम्हाला कोपरे कसे पुसायचे ते दाखवतील आणि दर वेळी थोडं जास्त बोलतील. तुम्हाला एक ओळखीचं माणूस मिळेल जे बायकोमार्फत आलेलं नाही.

पैशाबद्दल तुम्ही अगदी ओझरतं लिहिलंय, तिचं कार्ड वापरतो म्हणून. ते बंद करा बुवा. युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं बँक खातं उघडून मिळण्याचा हक्क आहे, तुमच्या नावाचं उघडा किंवा दोघांचं जॉइंट करा. घरखर्च बाजूला काढल्यावर दर महिन्याला दोघांच्या वैयक्तिक खात्यात सारखी रक्कम आपोआप जाईल अशी व्यवस्था लावा. मागायला लागणं आणि विचारून खर्च करणं, यात माणूस आतून फार लहान होतो, आणि देणाऱ्यालाही ते बरं वाटत नसतंच.

तुमच्या बायकोने हे वाचलं तर तिच्यासाठी एक: सोपवलेलं काम परत तपासू नका. तुम्ही ते दहा मिनिटांत कराल, त्यांना अख्खी सकाळ लागेल, फोनवर ततपप होईल, एखादी चूक होऊन पाचपन्नास युरोचा फटकाही बसेल. बसू दे.

भाषेचं. ब्लू कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोला यायच्या आधी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी लागत नाही, तेव्हा ती सवलत छान वाटते आणि आल्यावर तीच नडते. ॲपवर घरी बसून शिकतोय असं लिहिलंयत, ते चालू ठेवा पण त्याने घराबाहेर पडणं होत नाही. क्लास लावा, सकाळचा, रोजचा. फोल्क्सहोखशूले, म्हणजे लोकांसाठीचं शिकवणी केंद्र, जवळजवळ प्रत्येक शहरात असतं आणि तिथली फी खाजगी क्लासपेक्षा बरीच कमी असते. सरकारी इंटिग्रेशन कोर्स ७०० तासांचा, ६०० तास भाषा आणि १०० तास इथले कायदे-इतिहास वगैरे, त्यात तुम्हाला जागा मिळते का ते आउसलेंडरबेहोर्डेला विचारा. क्लासमध्ये भाषा मिळेलच पण शेजारच्या बाकावर सीरियाचा डेंटिस्ट, युक्रेनची शिक्षिका, ब्राझीलचा इंजिनिअर अशी माणसं बसलेली असतात, सगळे आपापल्या देशात कुणीतरी होते आणि इथे "माझं नाव अमुक, मी तमुक ठिकाणी राहतो" म्हणतायत. ती सोबत तुम्हाला बायको देऊच शकणार नाही, तिच्याकडे ती नाहीये. शिवाय एखाद्या फरआइनमध्ये जा, म्हणजे क्लब, मंडळ, बॅडमिंटनचं म्हणा, ट्रेकिंगचं म्हणा. या देशात अशी मंडळं लाखांनी आहेत, इथे दोस्ती पार्टीत होत नाही, दर मंगळवारी त्याच हॉलमध्ये त्याच लोकांबरोबर खेळून होते. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो तेव्हा हा मंगळवार फार उपयोगी पडतो.

नोकरी. तुमच्या रेसिडेन्स कार्डावर काम करायची परवानगी आहे, पहिल्या दिवसापासून, कुठलंही काम, कंपनीने वेगळी परवानगी काढायची गरज नाही. अर्जात हे स्पष्ट लिहा, बऱ्याच एचआरना वाटतं व्हिसाची भानगड असेल. विम्याचा अनुभव आहे तर हे लक्षात ठेवा की इथे स्वतः विमा विकणाऱ्या एजंटला, ब्रोकरला परवाना आणि परीक्षा लागते, पण कंपनीच्या आत क्लेम, डेटा, ॲक्च्युरियल सपोर्ट म्हणजे जोखमीच्या हिशोबाला मदत, अशा कामांना तसा परवाना लागत नाही, तिथे अडतं ते भाषेवर. तुमची डिग्री आणि युनिव्हर्सिटी अनाबिन नावाच्या, परदेशी डिग्र्यांच्या सरकारी डेटाबेसमध्ये कशी नोंदली आहे ते बघून प्रिंट काढून ठेवा. रोजगार कार्यालयात, आगेंटूर फ्युअर आर्बाइटमध्ये, नाव नोंदवा, तिथलं मार्गदर्शन फुकट असतं, तिथे बायकोला घेऊन जाऊ नका. कारितास, डियाकोनी अशा संस्था बाहेरून आलेल्यांना मोफत सल्ला देतात, एमबीई म्हणतात त्याला, कागदपत्रं घेऊन गेलात तर बसून वाचून देतात.

मधल्या काळात छोटी नोकरी धरलीत तर एक धक्का आधीच सांगून ठेवते. दर महिन्याला पगारातून टॅक्स किती कापायचा ते इथे टॅक्स क्लासवर ठरतं. बायकोने क्लास तीन घेतला असेल तर तुम्हाला पाच लागतो आणि पाचमध्ये पगारातून इतकं कापलं जातं की स्लिप बघून वाटतं आपल्या कामाला काही अर्थच नाही. तसं नसतं, तिच्या पगारात जी वाढ दिसते ती तुमच्या वाट्याची सवलत तिकडे गेल्यामुळे, वर्षाच्या रिटर्नमध्ये दोघांचा मिळून टॅक्स तोच निघतो. पण बेकारी भत्ता वगैरे नेट पगारावर ठरतो, म्हणून दोघं कमवायला लागलात की चार-चार करून घ्यायचा विचार जरूर करा, आणि दर महिन्याला स्वतःच्या नावावर किती पडले ते बघणंही मनाला बरं असतं.

हे वाचणाऱ्या ज्या बाया डिपेंडंट म्हणून आल्यात आणि ज्यांच्या घरी प्रश्न केअरवोखेचा नाही, मारहाणीचा, धमक्यांचा, पासपोर्ट काढून घेण्याचा आहे, त्यांच्यासाठी वरचं काही नाही. तुम्ही ११६ ०१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास आहे, इंग्रजीत बोलता येतं. "मला सोडलंस तर तुझा व्हिसा जाईल" ही धमकी पूर्ण खरी नसते. इथे तीन वर्षं संसार झाला की जोडीदाराला स्वतःचा राहण्याचा हक्क मिळू शकतो आणि घरात हिंसा असेल तर त्या तीन वर्षांची अटही सोडता येते.

आता परत जाण्याचं. गेलात तर ती हार नाही, उगाच कुणी तसं म्हणू दे. नवरा-बायको दोन देशांत राहून चांगला संसार करतात, मी बघितलेत. पण ते ठरवून गेलेले असतात, किती महिने, कशासाठी, कोण कधी येणार हे दोघांना माहीत असतं. तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही, मला दिसलं की त्या संध्याकाळनंतर कंपनीचा फोन आला आणि सुटल्यासारखं वाटलं. सुटका म्हणून गेलात तर परत येणं अवघड होईल, कारण परत याल तेव्हा भाषा तीच, पेटी तीच आणि बायकोला तोवर तुमच्याशिवायची सवय झालेली असेल. म्हणून माझा सल्ला, कंपनीकडे थोडा वेळ मागा, देतात का बघा, आणि तोवर वरचे व्यवहार हातात घेऊन बघा. मग ठरवा.

पण कंपनीचा फोन आला हे बायकोला या रविवारीच सांगा. दुकानं बंद, कुठे जायची घाई नाही, बाहेर चालायला जा आणि चालता चालता सांगा, समोरासमोर बसून सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. "तू बदललीस" हे वाक्य घरीच ठेवा. "मला परत बोलावलंय आणि मला जावंसं वाटलं, का वाटलं ते तुला सांगायचंय" एवढं पुरे आहे. आणि मग तिचं ऐका, मध्ये न बोलता, तीही कदाचित म्हणेल मलाही कधीकधी परत जावंसं वाटतं.

आणि दोघांनी मिळून तुम्ही जायचंच ठरवलंत तर तिकीट काढायच्या आधी कागदाचं बघा. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला १२ महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहता येतं, बाकी बहुतेक परवान्यांना सहाच महिने. पण कायमचे निघालात असा अर्थ निघाला, म्हणजे तिकडे पक्की नोकरी धरलीत, इथला पत्ता रद्द केलात, तर परवाना १२ महिन्यांच्या आधीही संपू शकतो. म्हणून किती दिवस आणि कशासाठी जाताय ते आउसलेंडरबेहोर्डेला आधी लेखी कळवा, त्यांचं उत्तर लेखी घ्या आणि ते त्या फाईलला लावा. तीन वर्षांच्या संसाराचा जो हक्क वर म्हटला त्याचा हिशोबही वेगळं राहिल्याने बिघडू शकतो, तेही त्याच पत्रात विचारून घ्या. पत्र तुम्हीच लिहा, जर्मनमध्ये, एमबीईवाल्यांकडून एकदा वाचून घेऊन.